मुद्दईची खुर्ची

माझ्या नांदेडच्या घरमालकांशी धर्मावर वाद घालायचा, तर आधी चांगल्या खुर्चीत बसावं लागे. त्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. एक वेताची, रुंद हातांची, पाठीशी उशी असलेली. दुसरी लोखंडी, घडीची. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा होता, तरी ती डुगडुगायचीच. आक्षेप ज्याचा, त्यानं वेताच्या खुर्चीत बसायचं आणि मालक स्वतः लोखंडीवर. "मुद्दई आरामात बसला पायजे," ते म्हणायचे. "पाठ दुखून राहिली की माणूस दावा आटोपता घेतो. मंग आपण जिंकलो का त्याची पाठ हारली, कसं कळावं?"

मुद्दई म्हणजे दावा मांडणारा. त्यांच्या बोलण्यात असे कोर्टाचे जुने शब्द फार. दिवाणी दाव्यांचे वकील होते, जमिनीच्या बांधांवरून आणि घरांच्या भिंतींवरून आयुष्यभर भांडले, म्हणजे लोकांच्या वतीनं. मी राहायला गेले तेव्हा काळा कोट खुंटीवर लटकून बरीच वर्षं झाली होती, पण सगळी गल्ली त्यांना वकीलसाहेबच म्हणायची. चिडल्यावर चाचीसुद्धा. चाची म्हणजे त्यांच्या घरच्या.

चहा अर्धा झाला की खुर्च्या बदलायच्या. ही त्यांची खरी खोड. मग मी डुगडुगत्या लोखंडी खुर्चीत बसून इस्लामची बाजू मांडायची आणि त्यांनी वेताच्या खुर्चीत रेलून आक्षेप घ्यायचे. आक्षेप माझेच, पण माझ्यापेक्षा धार लावून. समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडता आला, तरच त्याला जवाब द्यायचा हक्क मिळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हा नियम ते एवढ्या इमानानं पाळायचे की ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची.

एकदा ऐन मगरिबच्या आधी ते वेताच्या खुर्चीतून माझ्यावर गरजत होते, "देव एवढा न्यायी हाय, तर तान्ह्या लेकराला कॅन्सर कशाला देतो? जवाब द्या मॅडम! टाळू नका!" नमाजला निघालेले एक शेजारी फाटकाशी थबकले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू घरच्या माणसालाच चोरी करताना पाहिलं. आतून चाचींनी भाकरी थापता थापताच आवाज दिला, "कुछ नहीं भाईजान, उल्टी कुर्सी पे बैठे हैं. चाय खतम हुई की वापस आ जाते." आणि मी, एकादशीला घरादारानं उपास करणाऱ्या कुटुंबातली मुलगी, लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी धरून अल्लाची बाजू लढवत होते. माझ्या आईनं पाहिलं असतं तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या.

मी त्यांच्याकडे गेले ती शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली म्हणून. शाळेला चालत जाता येईल आणि बाईमाणसाला एकटीनं राहता येईल अशी वरची खोली त्यांच्याचकडे होती. आमचं गाव नायगावकडचं, शेतीवाडीचं घर. दादा, म्हणजे माझे वडील, खोली बघायला आले ते मनात नकार घेऊनच. वकीलसाहेबांनी त्यांना वेताच्या खुर्चीकडं हात केला.

दादांनी आडपडदा ठेवला नाही. "राग मानू नका साहेब, पोरीचा बाप हाय म्हणून इचारतो. तुमच्यात चार-चार बायका करतेत म्हणं."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. वकीलसाहेब मात्र खूश. सरळ प्रश्न विचारणारा माणूस भेटला की त्यांना उधाण यायचं.

"चांगला सवाल हाय. तुमच्या गावात मुसलमानांची घरं किती?"

"आसतील धा-बारा."

"त्यात दोन बायकावाला कोण?"

दादांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गल्लीतून फेरी मारली. "त्यात... कुनी न्हाई."

"आन बाकी गावात?"

दादा जरा घुटमळले. "एक हाय. आमचा चुलतभाऊच हाय तो."

मी पदर तोंडाला लावला. वकीलसाहेब इथंच थांबले असते तर बाजी त्यांची होती. पण त्यांनी हात वर केला. "थांबा. मी जिंकलो आसं समजू नका. एका गावावरून दुनिया ठरत न्हाई. आन तुम्ही रिवाज इचारला आसंल तर हा जवाब झाला. कायदा इचारला आसंल, तर परवानगी हाय. अटी घालून हाय, पन हाय. तुमच्या गावात कुणी केल्या न्हाईत म्हणून ती जात न्हाई. तुमचा सवाल कोणता, ते आधी ठरवू."

पुढं बराच वेळ दोघं ठरवत बसले. दादा बसस्टँडवर मला म्हणाले, "हा माणूस सोताच्याच अंगावर केस घेतो. येडा तरी हाय, न्हाई तर लई सरळ हाय." बस सुटता सुटता खिडकीतून म्हणाले, "ऱ्हा तितं."

आपल्या बाजूची दलील कच्ची निघाली की त्यांना परक्याच्या शिवीपेक्षा जास्त लागायचं. कोपऱ्यावरचा चहावाला भाविक माणूस होता. तो कधी मोबाइल पुढं करायचा: परदेशातल्या कुण्या मोठ्या शास्त्रज्ञानं अमुक शोध लावला, तो आमच्या किताबात आधीच होता, आणि ते बघून त्यानं कलमा पढला, मुसलमान झाला. वकीलसाहेब चष्मा पुसून घ्यायचे. "नाव काय त्याचं? कोणत्या गावचा? तुला कुणी पाठवलं? त्याला कुणी पाठवलं?" चहावाला रडकुंडीला यायचा. "साब, अपनीच तारीफ है ना!" "म्हणूनच," ते म्हणायचे. "आपल्या बाजूची हाय म्हणून दलीलीला सूट न्हाई. उद्या हे खोटं निघालं, की ज्याला तू हे दाखवलं तो तुझी खरी गोष्टबी ऐकणार न्हाई."

मला वाटलं, माणूस एवढा निःपक्षपाती आहे, तर आपणही मोठेपणा दाखवावा. एकदा मी म्हणाले, "जाऊ द्या हो वकीलसाहेब, शेवटी सगळे धर्म सारखेच."

ते एवढे रागावले की चहाची बशी कलंडली. "सारखे न्हाईत! माझ्यात अन् तुमच्यात लई फरक हाय. तो फरक बोलायला नको, म्हणून तुम्ही हे बोलून राहिल्या. मेहमानाला गोड बोलून दारातनं वाटं लावतेत तसं. मला वाटं लावू नका, आत घ्या. भांडा."

तेव्हापासून मी भांडू लागले, आणि खरं सांगते, त्या भांडणांसाठी मी शाळेतून झपाझप चालत घरी यायची.

आता चंद्राचं सांगते, कारण वकीलसाहेब म्हटलं की मला तोच आठवतो.

मुसलमानी महिना एकोणतीसचा की तीसचा, हे चंद्र दिसण्यावर ठरतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी नवा महिना, नाहीतर तीस पुरे करायचे. एरवी याकडे कुणी फारसं बघत नाही, पण रमजान संपताना उद्या ईद की अजून एक रोजा, हा प्रश्न घराघरात असतो. ज्यानं चंद्र पाहिला त्यानं मशिदीत चाँद कमिटीपुढं जाऊन गवाही द्यायची. आणि गवाहाची जिरह, म्हणजे उलटतपासणी, करायचं काम अर्थातच वकीलसाहेबांचं.

त्यांचे प्रश्न ठरलेले होते. कुठं दिसला? किती वर होता? शिंगं कुणीकडं होती? आणि शेवटी, गवाहाच्या डोळ्यांत बघत, "दिसला, का दिसल्यासारखा वाटला?" शिंगं म्हणजे कोरीची टोकं. एका वर्षी एका गुत्तेदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं की शिंगं खाली होती. वकीलसाहेब म्हणाले, "सूरज खाली बुडला, तर उजेडाची बाजू खाली राहती, शिंगं वर. तुम्ही दुसरं काही तरी पाहिलं. खोटं बोलले म्हणत न्हाई, पन चाँद न्हाई पाहिला." जो गवाह टिकायचा, त्याला ते दोनच शब्द म्हणायचे, "गवाही मंजूर." घरी आल्यावर चाची त्या दोन शब्दांची नक्कल करायच्या. "पूरे साल घर में मेरी एक बात मंजूर नहीं होती," असंही वर ऐकवायच्या.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी अवकाळीनं धरलं होतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेला नुसता गाळ साचल्यासारखं आभाळ. हैदराबादहून, इकडून तिकडून, कुठूनच खबर नव्हती. मशिदीतून फोनवर फोन. वकीलसाहेबांना तेव्हा मोतीबिंदूनं ग्रासलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन बिनसलं होतं आणि दुसऱ्यानं जेमतेम वाट दिसायची. ते इफ्तार आणि नमाज उरकून कठडा धरत धरत गच्चीवर आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे डोळे तरणे हायत. जरा उभ्या राहा माझ्यासोबत."

मी उभी राहिले. शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या वर ढग जरा फाटले आणि तिथं कोर होती. नखाच्या कडेएवढी बारीक, पाळण्यासारखी आडवी. मी हात लांब करून ओरडलेच, "तो बघा!" ते माझ्या बोटाच्या रेषेत मान लांबवून बघत राहिले. ढग मिटले.

"मला न्हाई दिसला," ते म्हणाले. मग आवाज बदलून, "कुठं होता?"

"टाकीच्या वर, जरा डावीकडं."

"किती वर?"

"टाकीएवढीच अजून एक टाकी ठेवली तर तिच्या माथ्यावर."

"शिंगं?"

"वर. दोन्ही वर."

"दिसला, का दिसल्यासारखा वाटला?"

"दिसला."

मी वाट बघत होते ते दोन शब्द ऐकायची. खालून चाचींनी शेवयांसाठी भाजलेल्या सुक्यामेव्याचा वास येत होता. मी म्हणाले, "मग उद्या ईद!"

"न्हाई," ते म्हणाले. "बेटी, तुझी गवाही चालत न्हाई."

मला त्यांनी कधी बेटी म्हटलं नव्हतं, कधी अरेतुरेही केलं नव्हतं. दोन्ही एकदम झालं, आणि असं झालं.

"मी खोटं बोलले?"

"न्हाई. चाँद झालेला हाय. माझी खात्री हाय."

"मग?"

"ईदच्या चाँदाला दोन गवाह लागतेत. आन गवाह मुसलमान पायजे."

"आणि मी बाई आहे म्हणून?"

"तेबी हाय. एकटी बाई चालत न्हाई." त्यांनी काहीच झाकलं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं याचा मला अजूनच राग आला. "कोण बोलतंय ते बघू नका, काय बोलतंय ते बघा, हे तुमचंच वाक्य ना? आणि एवढी खात्री आहे तर जा की मशिदीत. सांगा, मी पाहिला म्हणून. तुमच्या शब्दावर कुणी जिरह करणार नाही. शहरभर लोक वाट बघतायत."

"मी पाहिला न्हाई," ते म्हणाले.

एवढंच. मग ते जिन्याकडं वळले. पायऱ्या चाचपायला लागल्यावर मला राहवलं नाही, मी त्यांचा हात धरला आणि तसाच धरून त्यांना मशिदीच्या दारापर्यंत नेलं. गल्ली अरुंद, मशिदीची खिडकी रस्त्यावर उघडी. मी बाहेर थांबले आणि सगळं ऐकू येत होतं.

कमिटीतल्या कुणीतरी विचारलं, "साब, कुछ दिखा?" ते म्हणाले, "माझ्याकडं गवाही न्हाई. तीसवा रोजा ठेवा. पन भोंग्यावर 'चाँद नजर नहीं आया' आसं म्हणू नका. ते खोटं हाय. 'शहादत साबित नहीं हुई', म्हणजे गवाही पुरी पडली न्हाई, आसं म्हणा."

"एकच तो बात है, साब."

"एक न्हाई. चाँद दिसलाय. ज्याला दिसलाय त्याची गवाही आपण घेऊ शकत न्हाई."

आत कुजबुज झाली. कुणाच्या तरी ध्यानात आलं. "वो ऊपरवाली मास्टरनी?" आणि दोघंतिघं हसले.

"हसू नका," वकीलसाहेब म्हणाले. तो आवाज मी ओसरीवर कधी ऐकला नव्हता. "हद आपल्या कायद्याची हाय. तिच्या नजरंची न्हाई."

थोड्या वेळानं भोंगा खरखरला आणि सबंध मोहल्ल्याला ऐकू गेलं की चाँद की शहादत साबित नहीं हुई, कल तीसवाँ रोजा होगा. मी रस्त्यावर चपलेनं माती उकरत उभी होते. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं म्हणून भरून आलं होतं, आणि एवढंच केलं म्हणून संतापही झाला होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी चंद्र चांगला जाड, बराच वर दिसला. गल्लीत जो तो म्हणू लागला, "हा तर कालचाच हाय. मास्टरनी खरं सांगत व्हती." माझ्या बाजूनं सगळा मोहल्ला उभा राहिला आणि वकीलसाहेब एकटे विरोधात. "मोठा दिसतो हा काही सबूत न्हाई. तीस भरल्यावर चाँद मोठाच दिसतो. तिची गवाही खरी हाय ती तिच्या जवाबांमुळं, आजच्या आकारामुळं न्हाई." माझी बाजू घेणाऱ्यांचीही ते उलटतपासणी करत होते. कपाळावर हात मारावा, नाहीतर काय करावं.

ईदनंतर मी ओसरीवर बसणं सोडलं. शिरखुर्मा चाचींनी वर आणून दिला, मी खाल्ला, भांडं धुऊन परत ठेवलं. येता-जाता लोखंडी खुर्चीत ते दिसायचे, आणि समोरची वेताची खुर्ची रिकामी. पावलांवरून ओळखून मान वर करायचे. मी सरळ जिना चढायची. मनात मी खोली बदलायचंही ठरवून टाकलं होतं. घर मिळालं नसतं असं नाही. पण ज्या माणसानं मला इतकं बोलायला शिकवलं, त्याच्याशी न बोलता त्या घरात राहणं मला जड जात होतं.

एका संध्याकाळी जिन्यात धडधड ऐकू आली आणि पाठोपाठ चाचींचा आरडाओरडा, "अजी गिर जाते! आँखाँ नहीं दिखते और कुर्सी उठाके कां चले!" दार उघडलं तर वकीलसाहेब वेताची खुर्ची उराशी धरून उभे, धाप लागलेले. खुर्ची त्यांनी माझ्या खोलीत ठेवली, स्वतः उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले आणि म्हणाले, "मुद्दई वर येऊन बसला. दावा मांड."

मी मांडला. गच्चीवर मी जे बोलले होते ते, आणि त्या पंधरवड्यात साचलेलं बाकीचंही. माझं संपल्यावर मी सवयीनं उठले, खुर्च्या बदलायला. त्यांनी मला बसवलं.

"आज न्हाई बदलायचं. तुझी बाजू मी मांडली तर तुला वाटंल मी निकाल दिला." मग म्हणाले, "एक दलील हाय माझ्याकडं. हा इबादतीचा मामला हाय. ज्याला रोजा ठेवायचा न्हाई, त्याच्यावर दुसऱ्याच्या रोजाचा भार कशाला टाकावा. दलील खोटी न्हाई. कोर्टात टिकली आसती. पन तुझ्यासमोर बोलताना ती मला अर्धीच वाटून राहिली. बाकीच्या अर्ध्याचा जवाब माझ्याकडं न्हाई. शोधतो. सापडला तर खाली बोलावून सांगंन. न्हाई सापडला तर तेबी सांगंन."

आमच्या गावच्या मारुतीच्या गाभाऱ्यात माझ्या आईला पाय ठेवू देत नाहीत. हे त्यांना माहीत होतं, मीच कधीतरी लोखंडी खुर्चीतून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ते हे एक वाक्य बोलले असते तर मी गप्प झाले असते. दुसरा कुणीही बोलला असता. ते बोलले नाहीत. पायरीवर बसून राहिले, हरलेल्या अशिलाच्या वकिलासारखे, आणि मला त्या क्षणी त्यांनी आजवर सांगितलेलं सगळं खरं वाटलं. पटलं असं नाही म्हणत. आमचे मतभेद होते तिथंच राहिले. पण हा माणूस मला फसवणार नाही, हे कळलं.

जाताना म्हणाले, "एक काम हाय. कमिटीचा कायदा कमिटीपाशी. पन दर महिन्याला चाँदाच्या तेरा-चौदा-पंधराला मी नफील रोजे ठेवतो. नफील म्हणजे मर्जीचे, फर्ज न्हाईत. त्यात कमिटी न्हाई, भोंगा न्हाई, मी अन् माझा अल्ला. आता मला चाँद दिसत न्हाई. ते रोजे तुझ्या नजरंवर धरीन म्हणतो. चालंल?"

मी म्हणाले, "कॅलेंडर आहे की भिंतीवर."

"कॅलेंडर गवाह न्हाई," ते म्हणाले. "त्याची जिरह करता येत न्हाई."

असे ते रोजे सुरू झाले. पुढं माझं लग्न लातूरला झालं, नोकरीही तिकडंच मिळाली, तरी नेम सुटला नाही. दर एकोणतिसाव्या संध्याकाळी मी लातूरच्या गच्चीवर जायची आणि नांदेडला फोन लावायची. घरच्यांना सुरुवातीला चमत्कारिक वाटलं, मग नवराच आठवण करू लागला. फोनवर तेच चार प्रश्न. एकदा मी म्हणाले, "दिसल्यासारखं वाटलं." ते म्हणाले, "मंग तीस धरू." दिसला म्हटलं की, "बरं. पहिली धरली." मंजूर हा शब्द त्यांनी मला कधी दिला नाही. तो कमिटीचा होता, आणि कमिटीतला शब्द घरगुती कामाला वापरणं त्यांच्या हिशेबी लबाडी झाली असती. मागून चाचींचा आवाज यायचा, "दीवार पे कैलेंडर टंगा है, और ये लातूर कू फोन लगारै!"

उरलेल्या अर्ध्याचा जवाब काही सापडला नाही. ते मधून मधून स्वतःहून सांगायचे, "अजून न्हाई हं." जणू माझं काहीतरी त्यांच्याकडं राहिलं होतं.

मागच्या वर्षी एका महिन्याला मी फोन केला, "दिसला." ते म्हणाले, "बरं. पहिली धरली." आवाज थकलेला होता, पण चारही प्रश्न विचारून झाले होते. पहाटे झोपेतच ते गेले.

मी पोचले तेव्हा त्यांना नेलेलं होतं. चाची आतल्या खोलीत बसल्या होत्या. नवरा गेलेल्या बाईची इद्दत असते, चार महिने दहा दिवस. तेवढे दिवस घराबाहेर पडायचं नाही, आणि महिने मोजायचे ते चंद्राचे. मी जवळ बसले. त्या म्हणाल्या, "बेटी, मेरे चाँद तू देखना."

मी म्हणाले, "चाची, कमिटीची तारीख असते. मशिदीतून कळेल."

"कमिटी की नक्को. उनके रोजे तेरे चाँद पे चलते थे. ये भी उनकाच हिसाब है. पहली भी तो तूनेच बताई थी." मी हो म्हणाले.

मग दर महिन्याला मी फोन करत राहिले. चाची नुसतं "अच्छा बेटी" म्हणायच्या. जिरह नाही, थट्टा नाही. तो फोन ठेवला की मला प्रत्येक वेळी रडू यायचं, कारण प्रश्न विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

शेवटच्या, चौथ्या चंद्राला मी नांदेडला गेले. पावसाळ्याचं आभाळ होतं, आणि या वेळी फोनवर भागवू नये असं वाटलं. आतल्या अंगणात दोन्ही खुर्च्या आणून ठेवलेल्या होत्या, ओसरीवर आता कोण बसणार. मी एकटीच गच्चीवर गेले. पाण्याची टाकी तशीच होती. बराच वेळ काहीच नव्हतं. मग ढगांची एक फट रुंदावली आणि कोर दिसली. ती झाकेपर्यंत मी बघत राहिले.

खाली आले. चाची लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला वेताच्या खुर्चीकडं हात केला.

"दिसा?"

"दिसला, चाची."

मला वाटलं आता त्या "अच्छा बेटी" म्हणतील. पण त्यांनी पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि विचारलं, "कां था?"

"टाकीच्या डावीकडं."

"कित्ता ऊपर?"

"टाकीच्या माथ्याच्या जरासा वर."

"सींगाँ किधर कू थे?"

"वर. जरा डावीकडं कललेली."

आयुष्यभर ज्या जिरहची त्यांनी नक्कल केली, ती त्या एकही प्रश्न न गाळता करत होत्या.

"दिसा, की दिसे सरीका लगा?"

"दिसला."

लोखंडी खुर्ची डुगडुगली. चाचींनी हात पुढं करून माझा हात धरला.

"गवाही मंजूर," त्या म्हणाल्या.